खोक्यातलं तनीस

शहापूर, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,
जय भीम.

काल फोनवर तू म्हणालीस, "परीक्षा खोक्याची, अन् गोळा माह्या पोटात!" म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. शेडमध्ये खोके बांधणाऱ्या सगळ्या जणींना वाचून दाखव, म्हणजे तुळसाकाकू उगाच नवस बोलत बसणार नाही.

तुमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ती कंपनी संडास धुण्याचं तेजाब भरून जहाजाने बाहेरदेशी पाठवणार आहे. तेजाब म्हणजे अंगावर सांडलं तर कातडी सोलणारी चीज. म्हणून कायदा म्हणतो की आधी खोका तपासा, मग त्यावर गोलातला तो शिक्का छापा, आणि मगच माल हलवा. आमची प्रयोगशाळा तेच करते. एका खोक्यात बारा बाटल्या. तेजाबाऐवजी त्यांत निळं पाणी भरायचं, गळलं तर लगेच दिसावं म्हणून. मग पाच खोके सव्वा मीटरला जरा कमी, म्हणजे साधारण तुझ्या छातीच्या उंचीवरून खाली लोखंडी पाटावर सोडायचे. एक बुडावर, एक डोक्यावर, एक लांब कुशीवर, एक आखूड कुशीवर आणि शेवटचा कोपऱ्यावर. शिवाय काहींवर वजन ठेवून चोवीस तास दाबायचं आणि पुठ्ठा पाणी किती पितो ते मोजायचं. एवढंच.

एक गोष्ट मात्र मी केली आहे. तुझा अर्ज आला त्याच दिवशी मी आमच्या प्रमुख डिंपल मॅडमना सांगितलं की अर्जदार माझी सख्खी मावशी आहे, पाचव्या वर्षापासून बारावीपर्यंत मी तिच्याच घरी वाढले. त्यांनी मला तुझ्या कामातून लगेच बाजूला केलं. तुझे खोके माझ्याबरोबर काम करणारा अनुप तपासेल. मॅडम कडक आहेत. नाव डिंपल, पण सहा महिन्यांत त्यांच्या गालावर खळी पडलेली कुणी पाहिली नाही.

यादोराव मोठेबाबा अजून त्यांच्या शेडसाठी मागे लागलेत का? उत्तर पत्रानेच दे. माझा फोन दिवसभर लॉकरमध्ये असतो आणि संध्याकाळी तुझ्याकडे टॉवर नसतो.

तुझी,
प्रतिक्षा

करडी, १२ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचून झालं. "कोपऱ्यावर" हा शब्द आला की तुळसा डोळे मिटून घेते. बोलताना कितीही आपली बोली असली तरी लिहायला बसलं की मला शाळेतलीच भाषा येते, तेव्हा हसू नकोस.

यादोरावांचं म्हणशील तर तुझे मोठेबाबा काल पुन्हा दारात उभे होते. "विमला, दिवाळीपर्यंत पाहतो. तुले पक्की ऑर्डर भेटली तं शेड तुही. नाही भेटली तं माहा हलका धान येऊन राहिला, पोते मी तिथंच ठेवीन." शेड त्यांची आहे, त्यांचंही चूक नाही. पण आम्ही आठ बायका चार वर्षं मिठाईचे खोके करत इथवर आलो. शेड गेली की तुळसाला पुन्हा रोवणी-कापणीच्या मजुरीला जावं लागेल, आणि तिच्या गुडघ्यांना आता चिखल सोसत नाही. हा शिक्का मिळाला तर कंपनीची ऑर्डर बारमाही आहे. तेव्हा सगळं या परीक्षेवर आहे, हे तू जाणतेस.

खोके सोमवारी टेम्पोने येतील. आता एक गुपित ऐक. बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या तर आहेतच, पण आम्ही चारी बाजूंनी धानाचं तनीसही, तुमच्या शहरात पेंढा म्हणतात ते, ठासून भरलं आहे. नवं, कोरडं, निवडून घेतलेलं. वर टेपचे दोन पदर जास्त. तुळसा म्हणाली, "पाहुण्याले दाखवाचं ताट रोजच्यासारखं रायते काय व?" आपल्याकडे पोरगी सासरी निघाली की बांगड्यांची पेटी तनसातच जाते, कधी एक बांगडी फुटली नाही. कोपऱ्यावर टाका नाही तर कौलावरून टाका! अनुपला काही सांगू नकोस.

तुझी मावशी,
विमला

शहापूर, १७ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

हे पत्र लिहायला जड जात आहे, म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगते. तुझे खोके न तपासताच परत येत आहेत.

तुझं पत्र मला जेवणाच्या सुट्टीत मिळालं. वाचलं आणि दीड तास ते डब्याच्या पिशवीत ठेवलं. मग उठले आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, आवक क्रमांक टाकला आणि फायलीला लावलं. मग अनुपने एक खोका उघडला. तुम्ही अर्जासोबत दिलेल्या खोक्याच्या नकाशात फक्त पुठ्ठ्याच्या पट्ट्या आहेत, तनसाचा उल्लेख नाही. जो खोका रोज बाजारात जाणार, तोच तपासायला यावा लागतो.

आणखी एक. फाईल चालू असेपर्यंत मी तुला फोन करायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं आहे. पत्र लिहू शकते, पण तुझं येणारं आणि माझं जाणारं, दोन्ही त्या वाचतील. हेही त्यांनी वाचलं आहे.

रागावू नकोस.

प्रतिक्षा

करडी, २० सप्टेंबर २०२५

प्रतिक्षा,

खोके परत आले. तुळसा रडली. मी रडले नाही, मी तनीस काढून बैलासमोर टाकलं.

घरातलं बोलणं तू टेबलावर नेऊन ठेवलंस. दीड तास विचार करूनही तेच केलंस. यापुढे पत्र लिहायचं झालं तर मी थेट तुझ्या मॅडमनाच लिहीन, मधला हमाल कशाला?

विमला

शहापूर, २४ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

हमालच म्हणालीस ना? मग हमालाचीच गोष्ट सांगते.

सुगतदादा नागपूरला गोदामात माल चढवतो. तुझा मुलगा, माझा भाऊ. समज, तनसाचा खोका पास झाला. शिक्का मिळाला. मग रोजचे शेकडो खोके निघाले, बिनतनसाचे, पण शिक्का तोच. त्यातला एक दादाच्या हातून निसटला. दादा शिक्का पाहून निर्धास्त होता. मावशी, त्या दीड तासात माझ्या डोळ्यांसमोर तुझी शेडही होती आणि दादाचा खांदाही होता. मला खांदा मोठा वाटला. तनीस वाईट म्हणून नाही. घालायचं तर नकाशात दाखवा आणि प्रत्येक खोक्यात घाला, मग कायद्याचं काही म्हणणं नाही. पण निवडलेलं तनीस रोज कुठून आणाल?

आणि हे मी कुठे शिकले ते विसरलीस का? मी चौथीत होते. तपासणीचे साहेब येणार म्हणून गुरुजींनी हुशार पोरं पुढे बसवली आणि आम्हा मागच्या रांगेला घरी राहायला सांगितलं. तू मला हाताला धरून शाळेत नेलंस आणि साहेबांच्या देखत म्हणालीस, "साहेब, मांगची रांग पाहा. शाळा तिथं असते." साहेबांनी मला सातचा पाढा विचारला. मी सात चोक सव्वीस म्हणाले. घरी येताना तू मला मारलं नाहीस, चण्याची पुडी घेऊन दिलीस. त्यानंतर मी पाढे पाठ केले.

आता तुझ्या खोक्यांची मागची रांग दाखव. मला माहीत आहे ती कच्ची नाही. चार वर्षं हलवाई तुमच्याच खोक्यांत मिठाई पाठवतात आणि एकाचाही पेढा चेपला नाही.

मॅडमनी ठरवलं आहे की या वेळी नमुने तुम्ही पाठवायचे नाहीत. अनुप येऊन थप्पीतून स्वतः उचलेल. कधी येईल ते मलाही ठाऊक नाही.

तुझी,
प्रतिक्षा (हमाल)

करडी, ९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद. आणि हे पत्र तुझ्याआधी उघडणाऱ्या डिंपल मॅडमना माझा नमस्कार. मॅडम, मागच्या वेळी बैलाचं वाचावं लागलं, मनावर घेऊ नका.

सात चोक सव्वीस! मी विसरले होते ग. तुझं पत्र शेडच्या पायरीवरच वाचलं. मग आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, पाहुण्याचं ताट बंद. रोजचंच वाढा." तुझ्यावरचा राग तेव्हाच गेला, पण लगेच लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं की मावशी स्वस्त आहे.

तुमचा अनुप काल दुपारी आला. न सांगता आला आणि तेही वीज गेलेली असताना. आम्ही घामाघूम, हाताला खळ, तुळसाच्या केसांत पुठ्ठ्याचा भुसा. तुळसा त्याला हळूच उजवीकडच्या थप्पीकडे नेत होती, कारण ती तिने स्वतः जोडलेली. तो म्हणाला, "काकू, मी ह्या कोपऱ्यातले घेतो." कोपऱ्यातल्या थप्पीत नव्या पोरीने, टीनाने, बांधलेले खोकेही होते. तिला कामावर येऊन महिना झाला आहे. तुळसाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. त्याने थप्पीच्या मधून मधून खोके उचलले, प्रत्येकावर आडवी सही ठोकली आणि टीनाला विचारलं, "तुम्ही केले?" ती म्हणाली, "हो जी. फुटले तं मले काढतील काय?" तो पुढच्या खोक्यावर सही ठोकायला लागला!

मग जेवणाची वेळ झाली. मी ताट वाढलं, भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. हा म्हणतो, "मावशी, नियमात नाही. फक्त पाणी चालेल." माझ्या दारात आलेला माणूस उपाशी? त्याने स्वतःचा डबा काढला. दोन वाळक्या पोळ्या आणि लोणच्याची एक फोड! आम्ही आठ जणी भोवती बसून भाजी खातो आहोत आणि तो मधोमध लोणचं चोखतो आहे. तुळसाने दोनदा वाटी पुढे केली आणि दोनदा मागे घेतली. मॅडम, तुमचा नियम पाळला गेला, पण तो नियम करणाऱ्याने कधी तुळसाच्या हातची वांग्याची भाजी खाल्लेली दिसत नाही.

आता काय ते कळव. दिवाळी जवळ आली.

तुझी मावशी,
विमला

शहापूर, १६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

खोके सुखरूप पोचले. त्यापुढचं मला काही कळवता येत नाही. अहवाल निघाल्यावर तो तुझ्या पत्त्यावर येईल. काळजी घे. तुळसाकाकूला नमस्कार.

प्रतिक्षा

करडी, १९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षास आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. मी तुला ओळखते ग. चांगलं काही असतं तर तुझी लेखणी चार ओळींत थांबली नसती. लहानपणी ताट फोडलंस की अशीच गप्प व्हायचीस.

सकाळी मीच यादोरावांकडे गेले आणि म्हटलं, "भाऊजी, पोते आणा." ते म्हणाले, "काहून? दिवाळी तं उद्या आहे." मी म्हटलं, एका दिवसाने काय बदलणार आहे? आज शेडच्या अर्ध्या भागात पोती लागली. यंत्र कापडाने झाकून ठेवलं. टीना म्हणते, "माह्यामुळं झालं." तिला मी जवळ घेतलं. तिच्यामुळे नाही झालं, कुणामुळेच नाही.

तू तुझं काम बरोबर केलंस. मला त्याचं दुःख नाही. तुझा अभिमान आहे, हे मॅडमनीही वाचावं.

तुझी मावशी

शहापूर, ३१ ऑक्टोबर २०२५

मावशी! मावशी! मावशी!

पास!!

पाचही! दाबूनही! पाणी पिण्यातही! अहवाल या पत्राबरोबरच पाठवते आहे, तो बाजूला ठेव आणि आधी माझं ऐक. फाईल काल बंद झाली, आता मी मोकळी आहे. फोन करणार होते, पण तुझ्या चार पत्रांना पत्रानेच उत्तर द्यावंसं वाटलं.

वेडाबाई, मी चार ओळी लिहिल्या तेव्हा खोके नुसते थंड खोलीत बसले होते! पुठ्ठ्याला आधी एका ठरावीक हवेत मुरवावं लागतं, तोवर कुणी हात लावत नाही. तपासणीच झाली नव्हती, तर मी काय लिहिणार? मला भीती होती की दोन शब्द जास्त लिहिले तर माझी धाकधूक तुला कळेल. तू आवाजावरून माझा ताप ओळखतेस, म्हणून जपून लिहिलं, आणि तू जपण्यावरूनच भलतं ओळखलंस.

तुझं पोत्यांचं पत्र मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि पुसला. मी म्हटलं, "मॅडम, एकच ओळ कळवू? अजून काही झालेलं नाही, एवढीच?" त्या म्हणाल्या, "नाही. पण अनुपला सांग, सुट्टी संपल्यावर पहिली फाईल हीच." दाबायच्या चोवीस तासांचे बावीस मात्र त्यांनी केले नाहीत.

बुधवारी खोके पाडले तेव्हा मी शेजारच्या खोलीत पुठ्ठ्याचे दुसरेच तुकडे मोजत होते. भिंतीपलीकडून धप्प. एक. मी वजन लिहायची विसरले. धप्प, दोन. तीन. चार. मग खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, चौथ्यालाच गळलं आणि पुढचं थांबवलं. नंतर कळलं, कोपऱ्यावर सरळ पडावा म्हणून अनुप खोका नीट टांगत होता. पाचवा धप्प झाला आणि मी खुर्ची घट्ट धरली. पाच मिनिटांनी तो दारात आला. फाईल बंद होईपर्यंत तोही बोलू शकत नव्हता. नुसता पांढरा कागद उचलून दाखवला, जो खोक्याखाली अंथरतात. पांढराफटक! निळा एक ठिपका नाही!

कोपरा चेपला होता, आत बाराच्या बारा बाटल्या शाबूत. आणि तो कोपऱ्यावर पडलेला खोका कुणाचा, माहीत आहे? मागे पेन्सिलीने बारीक "टी" लिहिलेला. टीनाला सांग!

पोती काढा आता.

तुझी, तुझी, तुझी,
प्रतिक्षा

करडी, ५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिक्षास उदंड आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा शेडमध्ये मी आणि पोतीच होतो. पहिली ओळ वाचून मी अशी ओरडले की तुळसा धावत आली, तिला वाटलं साप निघाला. मग ती ओरडली. मग टीना आली, तिला तो पेन्सिलीच्या "टी"चा मजकूर तीनदा वाचून दाखवला. ती हसते आणि रडते, दोन्ही एकदम. आठ जणींनी मिळून पोती बाहेर काढली, कुणाचे गुडघे दुखले नाहीत.

यादोराव दारात उभे राहून अहवाल उलटसुलट करत होते. म्हणाले, "हे भारी झालं. तुमचा खोका छातीवरून पडला तरी सांडत नाही, अन् माह्या पोत्यातला धान पायरीवरूनच सांडते. आता मीच माहे पोते तपासाले पाठवतो." मग स्वतः चार पोती एकेक करून पाठीवरून घेऊन गेले. शेड आपली आहे, तोंडाने नाही, कागदावर लिहून दिलं. कंपनीचा माणूस येऊन गेला. शिक्क्याचा ठसा आला. पहिला ठसा मी टीनाच्या हाताने मारला.

सुगत दिवाळीला आला होता, त्याला तुझं हमालाचं पत्र दाखवलं. वाचून झाल्यावर बराच वेळ खांदा चोळत बसला. प्रतिक्षा, तू ते पत्र टेबलावर ठेवलं नसतंस तरी खोका पास झाला असता, शिक्काही मिळाला असता. पण मला त्या शिक्क्याकडे सरळ पाहता आलं नसतं. आता मी रोज सकाळी शेड उघडते आणि आधी त्याच्याकडे पाहते.

सोबत एक खोका पाठवते आहे. आत तुळसाने केलेले चोवीस अनारसे आणि जवसाची चटणी आहे. चारी बाजूंनी तनीस ठासून भरलं आहे, टेपचे दोन पदर जास्त. मॅडमना सांग, हा नमुना नाही, हे पाहुण्याचं ताट आहे. अनुपला चार जास्त दे, त्याचं लोणचं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तुझी मावशी,
विमला

शहापूर, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

खोका पोचला. फाईल बंद असल्यामुळे मॅडमनी तो माझी घरची वस्तू म्हणून सोडला. मी टेप कापणार, एवढ्यात अनुप म्हणाला, "थांब. तनसाचा राहिलाच आहे ना तपासायचा?" मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या उठल्या, स्वतः उंची मोजली आणि म्हणाल्या, "कोपऱ्यावर."

धप्प!

निकाल असा: चटणीची बाटली शाबूत. अनारसे बावीस शाबूत, दोन मोडले. मोडलेले दोन नमुने मॅडमनी नियमाप्रमाणे ताब्यात घेतले, उभ्या उभ्या खाल्ले आणि शाबूत बाविसांपैकी तिसरा मागितला.

मावशी, खळी आहे. डाव्या गालावर.

तुझी,
प्रतिक्षा